बिनहॉर्नची रांग

"माणसाची संस्कृती त्याच्या बोलण्यावरून कळत नाही, हॉर्नवरून कळते. आणि खऱ्या सुसंस्कृत माणसाला हॉर्न लागतच नाही," असं श्रीकृष्णराव आपल्या यवतमाळच्या घरासमोर उभ्या असलेल्या पाच गाड्यांना उद्देशून म्हणाले, आणि त्याच क्षणी त्यांच्याच गाडीनं पें-पें-पें असा टाहो फोडला. त्यांच्या पत्नी कुंदाताई गाडीत दुसऱ्या किल्लीवर बसल्या होत्या. त्या किल्लीचं बटण दाबलं गेलं, की ही गाडी चोर शिरल्यासारखी बोंबलत असे.

"हा हॉर्न सुरुवातीच्या आधीचा. आणि किल्लीचा. हा धरायचा नाही," श्रीकृष्णराव म्हणाले. मग खिडकीत वाकून हळूच, "कुंदा, ती किल्ली पर्समध्ये टाक. आणि पर्सवर बसू नको."

सौजन्य कार क्लबची ही पहिली सहल. जायचं होतं दिग्रसजवळच्या एका शेतात, गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे खायला. नियम अध्यक्ष श्रीकृष्णरावांनी केले होते: दिवे चालू, दोन गाड्यांत अंतर, कोणी कोणाच्या पुढे जायचं नाही, मागच्याला वाट द्यायची आणि हॉर्न अजिबात नाही. ज्याच्या गाडीचा हॉर्न वाजेल, त्याचं क्लबमधलं पद त्या क्षणी गेलं. क्लब लहान असल्यामुळे पद प्रत्येकालाच होतं. उपाध्यक्ष होते दातांचे डॉक्टर अनिमेष. त्यांच्या गाडीला तीन सुरांचा हॉर्न होता आणि अध्यक्षपदावर त्यांचा डोळा होता. ते रांगेत शेवटी होते.

दारव्हा सुटेपर्यंत सगळं दृष्ट लागण्यासारखं चाललं. पुढे कापसानं भरलेली एक ट्रॉली लागली. कापूस दोन्ही बाजूंनी असा फुगला होता, की पुढे ट्रॅक्टर आहे हे केवळ अंदाजानं कळत होतं. ट्रॉली रस्त्याच्या मधोमध, निवांत.

"वाजवून द्या ना एकदा," कुंदाताई म्हणाल्या. "रोडगे थंडे होऊन राहिले असतील."

"तो देईल बाजू. माणसावर विश्वास ठेवावा."

त्यानं दिली नाही. कुंदाताईंचा फोन वाजला. अनिमेषची बायको शाल्मली बोलत होती, "काकू, मागे एसटी अडकली आहे. ड्रायव्हर काय काय बोलतोय, ते मी सांगत नाही."

मागच्याला वाट द्यायची, हा नियम. नेमकी त्याच वेळी ट्रॉली डावीकडे वळली आणि तिथे चांगली ऐसपैस जागा दिसली. श्रीकृष्णरावांनी डावा दिवा दाखवला. मागच्या चारांनीही दाखवला. सगळी रांग शिस्तीत आत गेली आणि एसटी शिव्या देत निघून गेली. ती जागा एका जिनिंगचं, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याचं आवार होती, हे कळेपर्यंत मागे कापसाच्या ट्रॉल्यांची दुसरी रांग लागली होती. परतीची वाट बंद. रांग सरकत सरकत ट्रॉलीमागून कापसाच्या ढिगाऱ्यांना वळसा घालून मागच्या गेटपाशी आली. गाड्यांवर इतका कापूस चिकटला होता, की पाचही गाड्या एका दिवसात म्हाताऱ्या झाल्या होत्या. श्रीकृष्णरावांनी इंजिन बंद केलं. उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवायचं नाही, हाही नियम होता.

रिकामी ट्रॉली बाजूला लावून ट्रॅक्टरवाला आला. "राम राम काकाजी. मी देवीलाल. तुमीच होते का माह्या मागं?"

"दारव्ह्यापासून," श्रीकृष्णराव म्हणाले.

"काय सांगता! आजवर मागून शिवी नाही, हॉर्न नाही, असं झालंच नाही. मले वाटलं, मागं कोणी नाहीच. म्हणून तं मधातून आलो."

श्रीकृष्णरावांना बरंही वाटलं आणि नाहीही. "बरं, हे गेट कोण उघडतं?"

"चौकीदार. तो बाहीर टपरीवर बसते. इथं मशीनचा एवढा आवाज, त्याले फक्त हॉर्नच ऐकू येते."

"फोन करा त्याला."

देवीलालनं भिंतीकडे बोट दाखवलं. चौकीदाराचा फोन तिथे चार्जिंगला लटकत होता.

"मग तुमचा हॉर्न वाजवा की."

"माह्या ट्रॅक्टरले हॉर्न कुठी हाये? मी हॉर्नवाल्या गाडीची वाट पायतो. ते निघाली, का तिच्या मागून निघतो."

श्रीकृष्णरावांनी गेट ठोकलं. हातरुमाल हलवला. शेवटी, आयुष्यात पहिल्यांदा, "अरे ए!" असं ओरडले. यंत्रांनी ते सगळं कापसासारखं गिळलं. मागून अनिमेष आले, पाठोपाठ सचिव, कोषाध्यक्ष आणि संघटक. प्रत्येक जण आपलं पद आठवून मागे हात बांधून उभा राहिला.

"काका," अनिमेष अतिशय सौजन्यानं म्हणाले, "गेटसमोर तुमची गाडी आहे. कोणी कोणाच्या पुढे जायचं नाही, हा नियमच आहे. वाजवा तुम्ही. क्लबचं काय, मी सांभाळीन."

"साहेब, मीबी थांबलोच हावो," देवीलाल आशेनं म्हणाला.

श्रीकृष्णराव गाडीत येऊन बसले. स्टेअरिंगवरच्या हॉर्नकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग काच वर केली, बायकोकडे झुकले आणि खालच्या आवाजात म्हणाले,

"कुंदा, जरा त्या पर्सवर बसतेस का?"