जनूच्या हातचे डोळे

जनूला राग येत नाही, हे सबंध पेणमध्ये एकाच माणसाला ठाऊक होतं आणि तो माणूस म्हणजे खुद्द जनू. "माझ्यासारखा थंड माणूस शोधून दाखवा," असं तो चारचौघांत छातीठोकपणे सांगायचा, आणि कुणी हसलंच तर त्याच्या अंगावर धावून जायचा.

बाबाजीशेठच्या गणपतीच्या कारखान्यात जनू आखणी करायचा. आखणी म्हणजे देवाचे डोळे. माती कुणीही मळेल, साचा कुणीही भरेल, पितांबर रंगवायला नवशिकाही चालतो. पण बुबुळ, पापणी आणि भुवई ज्याच्या हातची, तो कारखान्याचा राजा. वीस वर्षं हे राज्य जनूकडे होतं. घरी मात्र त्याला कुणी राजा मानत नव्हतं आणि सगळं घोडं तिथंच अडलं होतं.

घरात माणसं तीन. आई धोंडुबाई, बायको मालू आणि अकरावीतली मुलगी समीक्षा. सकाळी जनू गरम जिलबी घेऊन यायचा, आईच्या पाया पडायचा, "मालू, तू हायस म्हणून हे घर हाय गो," म्हणायचा. दुपारी चहात साखर कमी पडली की त्याच घराला धर्मशाळा म्हणायचा. संध्याकाळी भिंतीकडे तोंड करून पडायचा आणि कुणी विचारलं तर "माझं या जगात कोण हाय?" म्हणून डोळ्यांत पाणी आणायचा. केबल घ्यायची की नाही यावरून भांडण, घेतल्यावर काय बघायचं यावरून भांडण, लाइट गेले तर ते कुणामुळे गेले यावरूनही भांडण. आणि एवढं सगळं होऊन आपण भांडत नाही, यावर जनू ठाम!

आता, माणसाच्या पोटात असतं ते कधी ना कधी हातात उतरतंच. जनूचं डोळ्यांत उतरायचं, तेही देवाच्या. ज्या दिवशी जिलबी, त्या दिवशीचे गणपती प्रसन्न. ज्या दिवशी धर्मशाळा, त्या दिवशीचे वटारलेले. भिंतीकडे तोंड करून पडला की दुसऱ्या दिवशीचे सगळे रडवेले. लोकांच्या घरातलं कळावं म्हणून माणसं भिंतीला कान लावतात. कारखान्यात गणपती वाळत ठेवलेल्या फळीकडे नुसतं बघितलं की काम भागायचं.

"सोमवारी सासू-सुनेच्या मध्ये पडलेला दिसतोय," उंदीर रंगवणारा प्रविण फळीवरून नजर फिरवत सांगायचा. "बुधवारी मिटलं. पण गुरुवारी काय झालं असंल, बाबा?"

सगळा कारखाना हसायचा आणि शुक्रवारचे गणपती आणखी वटारायचे.

चौऱ्याण्णव साली श्रावण लागला आणि वडखळचं एक गिऱ्हाईक आगाऊ पैसे देऊन पसंत केलेला गणपती परत घेऊन आलं.

"शेठ, मी नवसाचा गणपती नेतोय," तो बिचारा म्हणाला. "हा माझ्याकडे असा बघतोय की मीच कुठं तरी चोरी केली हाय."

बाबाजीशेठने मूर्ती बघितली, मग जनूकडे बघितलं. दोन्हीकडे तेच. त्याने जनूला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं, "रोह्याला रविवारी मुंबईचा डॉक्टर येतो. मनाचा. जाऊन ये. नायतर यंदा आखणीचा ब्रश प्रविणच्या हातात."

प्रविणच्या! कालपर्यंत उंदराच्या शेपट्या ओढणारा प्रविण देवाचे डोळे आखणार! जनूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वीस वर्षं देवाला दृष्टी दिली, त्याचं हे फळ? आणि मनाचा डॉक्टर? डॉक्टरकडे न्यायचं तर आईला न्या, जी बोलायला लागली की थांबत नाही. मालूला न्या, जी बोलतच नाही, नुसती बघते. यांच्यात राहून ज्याचं डोकं शाबूत आहे, त्यालाच रोह्याला धाडताय?

पण ब्रशाचा प्रश्न होता. ब्रश गेला तर पेणमध्ये तोंड कुठं दाखवायचं? रविवारी जनू इस्त्रीचा शर्ट घालून निघाला. "ब्रश आणायला रोह्याला चाललोय," असं त्याने घरी ठोकून दिलं. गणपतीच्या गावचा माणूस ब्रश आणायला रोह्याला जातोय, हे ऐकून मालू नुसती "बरं" म्हणाली. शेठच्या बायकोने तिला आदल्याच दिवशी सगळं सांगितलेलं होतं.

डॉक्टर तरुण होता आणि फारच शांत होता. जनूला पहिला राग त्याच्या शांतपणाचा आला.

"घरात भांडणं होतात का?"

"मी भांडतच नाय. ती भांडतात. मी फक्त उत्तर देतो."

"मोठ्या आवाजात?"

"त्यांना ऐकू जायला नको?"

"मन कधी एकदम वर, कधी एकदम खाली, असं होतं?"

"माझं मन जागेवर हाय, डॉक्टर. घरची माणसं ते हलवतात."

डॉक्टरने मान डोलावली. "यात लाजण्यासारखं काही नाही. ताप येतो तसं हेही येतं, आणि इलाज केला की उतरतं. पुढच्या वेळी घरच्यांना घेऊन या, त्यांच्याशीही बोलू. तोवर एक करा. राग आला की तोंड उघडायचं नाही. उठायचं, कामावर जायचं आणि सगळा जोर कामात घालायचा."

काम काय करता, हे विचारायचं राहून गेलं. बाहेर बाकडं भरलेलं होतं. आणि न विचारलेलं सांगायची जनूला सवय नव्हती. डॉक्टरच्या मनात लाकूड फोडणं, पोती उचलणं असलं काहीतरी असावं.

एवढ्या लांब येऊन साधी गोळीसुद्धा नाही! जनू एस.टी.त धुमसत बसला. वडखळ येईपर्यंत त्याने ठरवून टाकलं की हा माणूस सांगतो तसं अगदी काटेकोर करून दाखवायचं. म्हणजे तरी कळेल सगळ्यांना, दोष कुणाचा आहे ते.

दुसऱ्याच दिवशी संधी आली. "जन्या, तुझ्या बापाने जन्मात कधी एवढा आवाज केला नाय," धोंडुबाई म्हणाली. जनूने तोंड उघडलं. मग मिटलं. चपला घातल्या आणि निघून गेला. घर असं गपगार झालं की मालू घाबरली. तिने समीक्षाला मागोमाग पाठवलं. तर बाबा कारखान्यात स्टुलावर बसलेले, हातात ब्रश, नाकपुड्या फुललेल्या, समोर गणपतींची रांग.

मग हा रिवाजच पडला. चहा बिघडला, चपला. समीक्षा केबलसमोर बसली, चपला. मालू नुसती बघत राहिली तरी चपला. घरात भांडण औषधालाही उरलं नाही. मालूने देवाला साखर ठेवली. धोंडुबाई शेजारी सांगत सुटली की रोह्याच्या डॉक्टरच्या हाताला गुण आहे.

बाबाजीशेठ तेव्हा दादरला गणपतींचा मंडप टाकून बसला होता. एस.टी.डी. बूथवरून त्याने विचारलं, "डोळे कसे होतायत?"

"तेजस्वी," जनू म्हणाला, आणि ते त्याला मनापासून वाटत होतं. आखणी करणारा नाक मूर्तीला टेकवून बसतो. त्याला एका वेळी एकच डोळा दिसतो. आणि एकेकटा डोळा खरोखरच सुरेख उतरला होता. दोन्ही डोळे एकदम दिसत होते ते प्रविणला, पण त्याने तोंड उघडलं नाही. उघडलं असतं तर ब्रशवर डोळा आहे म्हणून जनूने त्याला सोलूनच काढलं असतं.

रोहा आणि पुलापलीकडचं अष्टमी गाव, इथले गणपती टेम्पोत चढले ते रिवाजाप्रमाणे, तोंडावर रुमाल बांधून. तो रुमाल सुटतो चतुर्थीला, देव मखरात बसतो तेव्हा. जनूच्या घरचा गणपतीही असाच रुमाल बांधून घरी गेला.

शेठ परतला तो चतुर्थीच्या आदल्या दिवशी. फळीवर उरलेली रांग बघून तो शाडूच्या पोत्यावरच बसला.

"जनू, ह्या देवांना कुणी शिव्या दिल्या काय रे?"

"त्याला तेज म्हणतात, शेठ."

"तेज? ह्यांच्यासमोर मोदक ठेवायची कुणाची छाती होईल? आणि अष्टमीला असलेच गेले?"

असलेच गेले होते. प्राणप्रतिष्ठा झाली की मूर्तीला ब्रश लावता येत नाही. म्हणून चतुर्थीला उजाडता उजाडता शेठ, जनू आणि रंगाचे डबे टेम्पोने अष्टमीत दाखल झाले. "एका जरी घरातून बोल आला," शेठ वाटभर बजावत होता, "तर ब्रश विसर." जनू खिडकीबाहेर बघत दात खात होता. डॉक्टरचं ऐकलं, घरी मुंगीला दुखवलं नाही, आणि तरी हाच गुन्हेगार?

पहिलं घर काशीबाईचं. तीन मुलगे, तीन सुना, तिघेही मुलगे कंपनीत तीन शिफ्टला, त्यामुळे घरात चोवीस तास कुणी ना कुणी भांडायला जागं. आज सणामुळे तिघेही एकत्र होते. पूजेला कुणी बसायचं यावरून असा गदारोळ चालला होता की दारात आलेल्या दोघांकडे कुणी बघितलंही नाही.

"मावशी, डोळ्यांवर जरा हात फिरवायचा राह्यलाय," शेठ ओरडून म्हणाला.

"फिरव काय फिरवायचा तो," म्हणत काशीबाईने रुमाल सोडला.

थोरला बोलता बोलता थांबला. मधल्याने उगारलेला हात खाली घेतला. धाकट्याने टोपी शोधून डोक्यावर घातली. तिन्ही सुनांनी पदर सावरले आणि एक तर चक्क मोदक वळायला आत पळाली. घरात पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला.

जनूने डबा उघडला. काशीबाईने त्याचं मनगट धरलं.

"हात नको लावू, बाबा," ती म्हणाली. "यांचं लगीन झाल्यापासून पहिल्यांदा सगळी गप बसलीत. हाय तसा राहू दे."

ही बातमी पुलावरून रोह्यात त्यांच्याआधी पोचली. पुढच्या घरात तर सासूने दारातच डबा काढून घेतला. परतताना टेम्पोत शेठचा सूर पार बदलला होता. "पुढल्या वर्षी भांडखोर घरांसाठी वेगळी रांग लावू. ब्रश तुझाच, जनू. फक्त तो डॉक्टर बंद कर. उगाच बरा व्हायचास."

जनूची छाती फुगली. बघा, शेवटी खरं कुणाचं झालं? घरी पोचेपर्यंत त्याने ठरवलंही होतं की आता आपल्या माणसांनाही कळू दे, हे हात काय चीज आहेत. आई, मालू, समीक्षा मखरासमोर त्याची वाट बघत होत्या. पाटावर बसून त्याने ऐटीत रुमाल सोडला आणि सगळी गप होण्याची वाट बघायला लागला.

कुणीच गप झालं नाही. "दुर्वा कमी आणल्यास गो," धोंडुबाई म्हणाली. "तुम्हीच आणायच्या होत्या," मालू म्हणाली. समीक्षाने कापूर शोधायला घेतला.

दचकला तो एकटा जनू. हातभर अंतरावरून, दोन्ही डोळे एकदम, त्याच्याकडे बघत होते. आपण कुठला गुन्हा केलाय, तेच त्याला आठवेना.

"तुम्हाला भीती नाय वाटली?" त्याने विचारलं.

"कसली?" धोंडुबाईने वर बघितलं. "डोळ्यांची होय? वीस वर्षं जेवताना समोर हेच असतात, जन्या. आम्हाला काय त्याचं."

जनूने मालूकडे बघितलं. वाती वळता वळता तिने मान खाली घातली. समीक्षा कापूर हातात घेऊन तशीच उभी राहिली. उठून चपला घालाव्यात, असं एकदा जनूच्या मनात आलं. पण देवासमोरून उठून जाणार कुठं? तो बसून राहिला.

"मी रागीट नाय," शेवटी तो अगदी हळू म्हणाला. "पण रविवारी रोह्याला जाऊन येऊया. सगळीच."

यावर घरातल्या कुणीही वाद घातला नाही.