पडद्याचा ब्रेक

सभागृहाची मोटर सकाळी नऊ वाजता नुसती गुरगुरली आणि रंगमंचाचा पडदा जागचा हलला नाही. दुपारी चारला मिस्तरींच्या निवृत्तीचा समारंभ होता. पण मिस्तरींचा स्वभाव असा, की स्वतःच्या निरोपाच्या दिवशीसुद्धा ते दुसऱ्याला मोटरीला हात लावू द्यायचे नाहीत. चाळीस वर्षं या इमारतीतली प्रत्येक मोटर त्यांनीच उघडली होती. बाह्या सारून ते शिडीवर चढले.

खाली शिडी धरून त्यांचा मेव्हणा उभा होता. पंचेचाळिशीचा, दोन मुलींचा बाप, आधीच्या तीन नोकऱ्या सुटलेला. त्याच्या बहिणीच्या, म्हणजे मिस्तरींच्या बायकोच्या, शब्दाखातर त्याला पडदा वर-खाली करायच्या कामावर घेतलं होतं, एका वर्षाच्या बोलीवर. ते वर्ष आज संपत होतं. समारंभ नीट पार पडला, की संध्याकाळी व्यवस्थापक त्याला कायम करणार होते.

"दाजी, मोटर नवीन आहे. दोनच महिने झालेत. कंपनीच्या माणसाला बोलवायचं का?"

"तू शिडी धर. तेवढं जमतंय तुला."

मिस्तरींची परीक्षा साधी होती. वीज बंद करायची आणि मोटरीचा दांडा हाताने फिरवून बघायचा. चांगल्या मोटरीचा दांडा बोटाने फिरतो. हा दोन्ही हातांनी फिरेना.

"जाम आहे," मिस्तरी म्हणाले, आणि त्यांनी मागचं झाकण उघडलं. आत तारेचं एक जाड गुंडाळं होतं, सहा स्प्रिंगा होत्या, आणि त्या स्प्रिंगांनी दांड्यावरची एक गोल चकती गच्च आवळून धरली होती.

"बघ! चकतीच दाबून ठेवलीय. मोटर बिचारी फिरणार कशी? हल्ली कारखान्यात कुणाचं लक्षच नसतं कामात."

त्यांनी चकती काढली, स्प्रिंगा काढल्या. दांडा बोटाने भिरभिर फिरला. पडदा वर नेला, लगेच खाली आणला. "आणि ऐक, थांबताना टक् करून वाजायची, ती खोडही गेली."

चार वाजता सभागृह भरलं. पहिल्या रांगेत मिस्तरींची बायको मांडीवर पर्स घेऊन बसली होती. पडदा वर गेला. मेव्हण्याने बटण सोडलं. व्यवस्थापक माईकपाशी आले.

"मिस्तरींनी हात लावलेली वस्तू पुन्हा बिघडली," ते म्हणाले, "असं या इमारतीत आजवर कधीही..."

एवढ्यात पडदा खाली येऊ लागला. घाई नाही, गडबड नाही. एखादा वडीलधारा माणूस जिना उतरावा तसा तो सावकाश उतरला आणि व्यवस्थापकांच्या आणि माईकच्या मधून खाली गेला. माईक लोकांकडे राहिला. व्यवस्थापकांचे फक्त बूट दिसत होते.

मेव्हण्याने बटण दाबलं. पडदा वर गेला. बटण सोडलं, पडदा निघाला खाली. तिसऱ्या वेळी लोक हसले आणि व्यवस्थापक पडद्याआडून मेव्हण्यापाशी गेले.

"एक बटण सांभाळता येत नाही? उद्यापासून येऊ नकोस."

"साहेब, देवाशपथ, मी नुसतं सोडलं हो!"

सत्काराच्या खुर्चीवर बसलेल्या मिस्तरींनी हे ऐकलं. पण त्याआधी त्यांनी आणखी एक गोष्ट ऐकली होती, म्हणजे ऐकली नव्हती. मोटर तीनदा थांबली आणि एकदाही टक् वाजलं नाही. आता त्यांच्या लक्षात आलं. वीज आली की ते गुंडाळं लोहचुंबक होऊन चकती मोकळी करत असणार. वीज गेली की स्प्रिंगा ती पुन्हा आवळत असणार. मोटर बंद असताना जाम असणं हेच तिचं काम होतं. सकाळी गुंडाळ्याची एखादी तार तेवढी सुटली असेल. दोन मिनिटांचं काम. आणि आपण पडद्याचा ब्रेकच काढून ठेवला.

मिस्तरी उठले आणि पडद्याच्या कडेने बाहेर आले. माईकवर ते जन्मात बोलले नव्हते.

"मेव्हण्याचा काही दोष नाही," ते म्हणाले. "चूक माझी आहे. ब्रेक मी काढला."

मग मागच्या रांगेतला एक म्हातारा उभा राहिला. "मेव्हण्यासाठी एवढं! काय मन आहे हो माणसाचं!"

टाळ्या सुरू झाल्या. मिस्तरी हात हलवून सांगू लागले, चकती कशी असते, स्प्रिंगा कशा असतात. जसजसे ते सांगत गेले, तसतशी माणसं डोळे पुसू लागली. व्यवस्थापकांनी पडद्याबाहेर येऊन त्यांचे दोन्ही हात धरले.

"मिस्तरी, कळतंय आम्हाला. पण चुकीवर असं पांघरूण घालून त्याचं भलं होणार नाही."

"अहो, पांघरूण कसलं! हा सकाळी शिडी धरून होता, याला विचारा!"

व्यवस्थापकांमागून बाहेर आलेल्या मेव्हण्याचे डोळे भरून आले होते. "दाजी, माझ्यासाठी खोटं नका बोलू. तुम्ही काढलं म्हणजे ते काढायचंच असणार. माझंच बोट कुठेतरी चुकलं."

मिस्तरी हताश झाले. आयुष्यभर आपला शब्द खरा मानायची सवय यांना आपणच लावली, आणि आज नेमकी तीच एका माणसाची भाकरी घेऊन चालली होती.

"थांबा जरा," पहिल्या रांगेतून आवाज आला. बायको उभी राहिली होती. "खरं बोलतायत ते. दुपारी जेवायला आले तेव्हा ती चकती खिशात होती. आमच्या स्वयंपाकघराचं दार वाऱ्याने आपटतं, त्याला टेकू लावलाय तिचा. जाऊन बघा. दार तसूभर हलत नाही."

"पण वहिनी, मिस्तरींच्या हातून चूक म्हणजे..."

"साहेब, पस्तीस वर्षं संसार केलाय मी. या माणसाच्या हातून काय काय होतं, ते मला विचारायचं."

टाळ्या थांबल्या. लोक मिस्तरींकडे बघू लागले. मिस्तरींनी मान खाली घातली, आणि ती मान बघून व्यवस्थापकांना पटलं. ते मेव्हण्याकडे वळले. "तू कायम. सही आत्ताच करतो." मग मिस्तरींना म्हणाले, "आणि तुम्ही सोमवारी या. ब्रेक बसेपर्यंत निरोप रद्द."

मेव्हणा बहिणीच्या पाया पडायला धावला. तिने त्याला बाजूला केलं आणि ती व्यवस्थापकांसमोर जाऊन उभी राहिली.

"एक काम होतं साहेब. हे आत्ता माईकवर जे म्हणाले ना, 'चूक माझी आहे', ते मला कागदावर लिहून द्या. खाली सभागृहाचा शिक्का मारा."

"शिक्का कशाला, वहिनी?"

"उद्या घरी म्हणतील, मी असं बोललोच नव्हतो."