गरम झाली की रुसणारी गाडी

"आज संध्याकाळपर्यंत गाडी आपली," पोह्यांवर लिंबू पिळता पिळता कांचनने जाहीर केलं. "मी कोच सरांना सांगूनसुद्धा टाकलंय, उद्यापासून येते म्हणून."

"अजून गाडी नीट बघितली नाही आपण," आई म्हणाली.

"चार चाकं आहेत, दारं लागतात. और क्या चाहिए यार, आई?"

"मी आई आहे. यार नाही."

कांचन आपटीकर, इयत्ता अकरावी, मुक्काम सेक्टर तीसमधलं सरकारी क्वार्टर. चंदीगडच्या ज्युनिअर बॅडमिंटन संघात निवड झाल्यापासून ती जमिनीपासून चार बोटं वरूनच चालत होती. आधी वर्गात हजेरी द्यायलाही लाजणारी ही मुलगी आता भाजीवाल्यालासुद्धा बॅकहँड समजावून सांगत असे. फक्त एक अडचण होती. सराव संध्याकाळी असे आणि परत यायला अंधार होई. पंजाबातले ते दहशतवादाचे दिवस असे, की सकाळचा पेपर आई आधी स्वतः वाचायची आणि मगच घरात इतरांच्या हाती द्यायची. स्कूटरवर मागे माणूस बसवायला बंदी होती, त्यामुळे बाबांची स्कूटर निरुपयोगी. बाबांनी शेजारून सायकलवर सोबत यायचा प्रयत्न एकदा केला होता. चंदीगड हे परातीसारखं सपाट शहर आहे, तरी बाबांना त्यात चढ सापडला आणि ते कडुलिंबाखाली बसून राहिले. तेव्हा आईने निकाल दिला होता: चारचाकी आली तर खेळ, नाहीतर संघातून नाव काढून घे.

आणि नेमकी त्याच आठवड्यात चंडीमंदिरच्या लष्करी छावणीतल्या मेजर रघुवीर इंगवल्यांची बदली झाली. मेजरसाहेब मूळचे साताऱ्याचे, गणपतीत ओळख झालेले. त्यांच्याकडे दुधाळ चहाच्या रंगाची एक जुनी गाडी होती आणि ती त्यांना विकायची होती. माणूस लष्करी, खोटं बोलणं ठाऊक नाही. त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं होतं, "आपटीकर, गाडी गुणाची आहे, पण गरम झाली की रुसते. वाटेत बंद पडते. थोडी थंड झाली की आपली आपण चालू होते. चार मेकॅनिक झाले, कोणाला कारण सापडलं नाही. आमची बायको म्हणते, बदलीच्या गावी एक तर ही गाडी जाईल, नाहीतर मी."

असं ऐकून दुसरा कोणी पळून गेला असता. पण कांचनचे बाबा, म्हणजे हेरंब आपटीकर, उपकरणं बनवणाऱ्या सरकारी प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ होते. कारण न सापडलेला बिघाड म्हटलं की त्यांचे डोळे, पुरणपोळी दिसल्यासारखे चमकत.

"शैलजा, लोक गाड्या घेतात आणि मग बिघाड शोधतात," ते आईला म्हणाले. "आपण बिघाड शोधू आणि मग गाडी घेऊ. कारण सापडलं तर घ्यायची, नाही सापडलं तर नाही. शास्त्रशुद्ध."

"आणि कारण सापडायच्या आधी ही मुलगी म्हातारी झाली तर?"

"आजच सापडेल," बाबा म्हणाले. कांचनने त्यांना पोह्यांची दुसरी बशी वाढली. शास्त्राला ताकद हवी.

दुपारी मेजरसाहेब गाडी घेऊन आले आणि आईच्या हातचा चहा घेत ओट्यावर बसले. बाबांनी गाडीचं बॉनेट उघडून इंजिनाकडे जाणाऱ्या पेट्रोलच्या नळीला एक तापमानाची तार बांधली. दुसरी बांधली रेडिएटरला, तिसरी आणखी कुठेतरी. लाल, पिवळ्या, निळ्या तारांची ती वेणी खिडकीच्या फटीतून आत घेतली. आता तापमान दाखवणारा काटा कशात बसवायचा? लॅबमधला डबा काही घरी आणता येत नाही, सरकारी माल. म्हणून बाबांनी माळ्यावरचा मोडका ट्रान्झिस्टर काढून त्याचं पोट रिकामं केलं होतं. स्टेशन दाखवायच्या फटीत काटा असा चपखल बसला, की ते स्वतःवरच खूश झाले.

आता चंदीगडात तेव्हा बसमध्ये, बाजारात, सिनेमाच्या पडद्यावर, जिथे पाहावं तिथे एकच सूचना: बेवारशी ट्रान्झिस्टरला हात लावू नका, बॉम्ब असू शकतो. पहिलीतल्या पोरालाही ती पाठ होती. पण प्रयोगात शिरलेल्या शास्त्रज्ञाला पाठ नव्हती, आणि उद्या कोणता स्कर्ट घालायचा याचा विचार करणाऱ्या कांचनला आठवली नाही.

"तू काटा वाचायचा आणि मोठ्याने आकडा सांगायचा," बाबा म्हणाले. "मराठीत."

"बाबा, पन्नासच्या पुढे मला मराठी जमत नाही. एकोणसाठ आणि एकोणसत्तर मला जुळ्या बहिणी वाटतात. हिंदीत सांगते."

"सांग बाई. पण एकही आकडा सोडू नकोस."

तर निघाली गाडी. बाबा चाकावर, शेजारी कांचन, मांडीवर तारांचा ट्रान्झिस्टर. गाडी चक्क छान चालली! कांचनने कोपर खिडकीबाहेर काढलं आणि एका ओळखीच्या मुलीला राणीसारखा हात केला. बाबांनी गाडी मुद्दाम उन्हातून फिरवली. काटा चढत होता.

"अट्ठावन... उनसठ..."

"शाब्बास. तापतेय."

आणि सेक्टर बदलतो तिथल्या चौकात पोलिसांचा नाका लागला. वाळूची पोती, रंगवलेले पिंप, समोर गाड्यांची रांग. रांगेत उभं राहायचं म्हणजे इंजिन चालू आणि वारा बंद. काटा पळायला लागला.

"बासठ... तिरसठ... चौंसठ... पैंसठ..."

बंदूक घेतलेला एक हवालदार खिडकीशी वाकला. त्याला काय दिसलं? बॉनेटमधून निघालेल्या रंगीत तारा, तारांच्या टोकाला ट्रान्झिस्टर, आणि डोळे न मिचकावता आकडे मोजणारी एक मुलगी.

"ये क्या गिन रही है?" त्याने विचारलं. आवाज जरा बारीक झाला होता.

"एक मिनिट अंकल," कांचन म्हणाली, कारण एकही आकडा सोडायचा नव्हता. "छियासठ... सड़सठ..."

"सत्तर तक होना चाहिए," बाबांनी त्याला प्रेमाने समजावलं.

हवालदार दोन पावलं मागे सरकला. अडुसष्टला इंजिन खोकलं. एकोणसत्तरला गाडी थडथडली आणि नाक्याच्या ऐन तोंडाशी मेली.

"बंद पडली!" बाबा ओरडले. "कांचन, बंद पडली!" ते दार उघडून बाहेर आले आणि नोकरीत कायम झाल्यासारखे हवालदाराचा हात हातात घेऊन हलवू लागले. "देखा आपने? बिल्कुल टाइम पे!"

हवालदाराने हात सोडवून घेतला आणि शिट्टी फुंकली. पुढच्या पाच मिनिटांत चौकात जे झालं ते कांचनला फिरत्या शोभादर्शकातून पाहिल्यासारखं आठवतं. कोणीतरी तिला बखोटीला धरून पिंपामागे नेलं. मागचा कलिंगडांचा टेम्पो उलटा पळाला. स्कूटरवाले स्कूटर टाकून झाडामागे गेले. सगळ्यांत मोठ्याने मात्र बाबाच ओरडत होते, "कोई हाथ मत लगाना! हिलाना मत! बिल्कुल हिलाना मत!"

आता ते बिचारे काट्याबद्दल बोलत होते. पण ऐकणाऱ्यांपैकी ज्यांच्या मनात अजून थोडी शंका होती, तीही गेली.

नाक्याचे मुख्य, इन्स्पेक्टर बलकारसिंग, पोत्यांमागून उठले. दाढीत घाम, आवाज मात्र शांत. "किसने बनाया है ये?"

"मैंने," बाबा अभिमानाने म्हणाले.

"किसलिए?"

"गाड़ी किस पॉइंट पे बंद पड़ती है, ये देखने के लिए।"

"गाड़ी आपकी है?"

इथे कांचनला वाटलं आपण मदत करावी. नवा आत्मविश्वास होता ना. "अभी नहीं है सर. शाम तक हो जाएगी."

इन्स्पेक्टरसाहेबांनी कागद पाहिले. कागदांवर नाव लष्करातल्या मेजरचं. त्यांनी बाबांकडे पाहिलं, कांचनकडे पाहिलं आणि एका शिपायाला मोटारसायकलवर क्वार्टरकडे पिटाळलं, मेजरला आणायला. बॉम्ब तपासणाऱ्या पथकालाही वायरलेसवरून निरोप गेला.

शिपायाने क्वार्टरचं दार वाजवून आईला विचारलं, "आपके मिस्टर गाड़ी में तारें बाँध के घूम रहे हैं?"

"आज गाड़ी में बाँधी क्या?" आई म्हणाली. "परसों फ्रिज में बाँधी थी।" हे मेजरसाहेबांनीच नंतर सांगितलं, आणि शिपायाचा चेहरा तिथेच थोडा सैल झाला होता असंही.

इकडे बाबा पोत्यांमागे बसले होते आणि हवालदिल झाले होते. अटकेमुळे नव्हे. "अहो, काटा उतरताना बघायला हवा! किती अंशांवर पुन्हा चालू होते तेच कळायचं राहिलं!" आधी मराठीत, मग हिंदीत, मग हात जोडून. "सर, आपके पास दूरबीन है. सिर्फ़ सुई देख लीजिए."

"मैं?" बलकारसिंग म्हणाले.

"आपकी आँख अच्छी लगती है।"

माणूस कितीही कडक असो, डोळ्यांची स्तुती केली की विरघळतो. इन्स्पेक्टरसाहेबांनी दुर्बीण लावली. "पैंसठ," ते म्हणाले. थोड्या वेळाने, "तिरसठ।" मग त्यांना त्यात रसच वाटू लागला. "ओए, बासठ हो गई!" झाडामागचे स्कूटरवाले एकेक करून पुढे आले. पैजा लागल्या. कलिंगडवाल्याने एक फळ कापलं. पथक येऊन तारा तपासून, ट्रान्झिस्टरच्या रिकाम्या पोटात डोकावून, वैतागून निघून गेलं, तरी कोणी हलेना. आणि सायकलरिक्षातून आई आणि मेजरसाहेब चौकात उतरले तेव्हा अख्खा नाका एका आवाजात म्हणत होता, "पचपन!"

"आता किल्ली फिरवा," बाबा म्हणाले. मेजरसाहेबांनी फिरवली. गाडी गुरगुरून चालू झाली. टाळ्या! इन्स्पेक्टरसाहेबांनी सुद्धा वाजवल्या.

कांचनला वाटलं, जिंकलो. कारण सापडलं, म्हणजे गाडी घ्यायची. शास्त्रशुद्ध. तिने मनातल्या मनात उद्याचा पांढरा स्कर्ट इस्त्रीला टाकलासुद्धा.

पण बाबांना फक्त कारण सापडून भागत नसे. ते समजावूनही सांगायचं असे.

"मेजर, दोष इंजिनात नाहीच," ते म्हणाले. "ही पेट्रोलची नळी बघा. तापणाऱ्या पाइपाला चिकटून गेलीय. गाडी तापली की नळीतच पेट्रोलची वाफ होते, मग इंजिन खाणार काय?"

मेजरसाहेब बॉनेटवर वाकले. "मग इलाज?"

कांचनने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. जुना मित्र परत भेटावा तसे ते गाडीकडे बघत होते.

"बाबा, घरी जाऊ या," ती म्हणाली.

"थांब गं. इलाज अगदी..."

"बाबा, मला चक्कर येतेय."

"सावलीत बस. इलाज अगदी सोपा, मेजर. नळी बोटभर बाजूला घ्यायची आणि तिला जाड पट्टी गुंडाळायची. संपलं."

"एवढंच?"

कांचनने बाबांना चिमटा काढला. बाबांनी डास समजून हात झटकला. "एवढंच. पुन्हा जन्मात बंद पडणार नाही. हातासरशी मी करूनच देतो." आणि रुमाल काढून, पकड मागून घेऊन, त्यांनी तिथल्या तिथे ते करूनही दिलं.

मेजरसाहेबांनी बाबांना मिठी मारली. "आपटीकर, तुमचे उपकार कसे फेडू? आता बायकोही येईल आणि गाडीही." आणि ते गाडीत बसून चंडीमंदिरकडे निघून गेले. गाडी अशी सुरेख गेली, की वळणावर दिसेनाशी होईपर्यंत बाबा कौतुकाने पाहत राहिले.

"अहो," आई हळूच म्हणाली, "मग आपण काय घेतलं?"

बाबांनी हातातल्या ट्रान्झिस्टरकडे पाहिलं. तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं. आणि कांचनला रडू फुटलं. साधंसुधं नव्हे, संघातून निघालेल्या खेळाडूचं, हुंदक्यांसकट.

"इसको क्या हुआ?" बलकारसिंगांनी विचारलं. आईने सगळं सांगितलं: सराव, अंधार, चारचाकी.

"बैडमिंटन हॉल तो इसी सड़क पे है," इन्स्पेक्टरसाहेब म्हणाले. "बीबीजी, यहाँ सारी रात मेरे आदमी खड़े रहते हैं। और इस कुड़ी को अब कौन नहीं पहचानता? आप साइकिल पे भेजो। जाते हुए भी हम देखेंगे, आते हुए भी।"

आईने पोत्यांकडे पाहिलं, बंदुकांकडे पाहिलं, आणि कलिंगड खात बसलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. "जा," ती म्हणाली. "पण सायकलला काही बांधू द्यायचं नाही ह्यांना."

अशी कांचन दुसऱ्या दिवसापासून सरावाला जाऊ लागली. बलकारसिंगांनी शब्द पाळला. नाक्यावरचा प्रत्येक माणूस तिला नावाने हाक मारत असे. आणि प्रत्येक माणूस तिची पिशवी तळापर्यंत उपसून पाहत असे. रॅकेटची मूठ हलवून, शटलकॉकचा डबा कानाशी लावून, पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडून. मागून येणाऱ्यांना नुसता हात दाखवून सोडत. रोज उशीर, आणि उशिराबद्दल हॉलभोवती फेऱ्या.

"चेकिंग तो सबकी होती है," आठवड्याअखेरीस कोच सर वैतागून म्हणाले. "तुम्हारी ही इतनी देर क्यों?"

कांचन धापा टाकत थांबली.

"सर, सबके पापा साइंटिस्ट नहीं होते."