गेनूतात्यांचा हात

"चौदाशे ग्रॅम," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सातव्या महिन्यातलं मूल आहे. आज काही सांगता येणार नाही."

माझी सुनंदा आतल्या खोलीत तापानं फणफणलेली. तिची पोरगी बाहेरच्या खोलीत काचेच्या पेटीत, वीतभर म्हणावी एवढी. मला रडू आलं नाही. ओटी भरायला आणलेली हिरवी साडी अजून घडीचीच आहे, एवढंच मनात आलं.

आणि माझे व्याही गेनूतात्या, त्या पोरीचे आजोबा, दोन्ही तळवे पुढं करून डॉक्टरीणबाईंना म्हणत होते, "इकडं द्या जरा. तुमचा काटा कवा पारखलाय?"

त्यांचं असं बोलणं ज्याला माहीत नाही, त्याला वाटलं असतं की म्हातारा भ्रमिष्ट आहे. भ्रमिष्ट नव्हते. मापाडी होते.

गेनूतात्या येडगावचे. नारायणगावच्या टोमॅटो बाजारात शेतकऱ्याचा माल व्यापाऱ्यादेखत तोलून द्यायचा, हे त्यांचं काम. तीस वर्षं क्रेट उचलून त्यांच्या हाताचाच काटा झाला होता. काहीही हातात घेतलं की एकदा खालीवर करायचं आणि आकडा सांगायचा. कुणी विचारलेलं असो नसो. वर पुन्हा, "हात खोटं बोलत न्हाई."

माझ्या घरी महाळुंगे पडवळला सुनंदाला बघायला आले, तेव्हा पोह्यांची ताटली खाण्याआधी खालीवर केली आणि म्हणाले, "ताटली धरून साडेतीनशे." मग सुनंदाकडं बघितलं. "पोरगी बेचाळीस किलोच ठिवली व्हय, ईनबाई?"

अजून सोयरीक ठरली नव्हती आणि मी ईनबाई झाले होते. मी म्हटलं, "पावणं, मुलगी बघायला आलात का माल घ्यायला? काटा आणलाय वाटतं."

"हाय की," म्हणाले, आणि हात दाखवले.

मुलगा शांत होता म्हणून मी पोरगी दिली. बापाकडं बघून दिली नसती.

खरं बोलायची त्यांना खोडच होती. सख्ख्या मेव्हण्याचा माल तोलताना क्रेटमागं अर्धा किलो कमी भरला, तर बाजारात चारचौघांत ओरडून सांगितलं. मेव्हणा म्हणाला, "दाजी, हळू बोला की राव." हे म्हणाले, "काट्याला मेव्हणा नसतो." तो मेव्हणा पुढं आठ वर्षं त्यांच्या दारात आला नाही. त्यांच्या बायकोनं माहेर तोडल्यासारखी ती वर्षं काढली. मी तिला पाहिलेली नाही, सुनंदाच्या लग्नाआधीच ती गेली.

दुसरी खोड मोजण्याची. आपल्याकडं धान्य मापताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. लाभ, दोन, तीन, असं. ते खळ्यावर ठीक आहे. गेनूतात्या हॉटेलात "लाभ चहा" सांगायचे. एसटीत कंडक्टरला "लाभ नारायणगाव" म्हणायचे. नवा कंडक्टर म्हणाला, "आजोबा, तसलं गाव या रूटला नाही." आणि माप पुरतं भरल्याशिवाय आकडा तोंडातून काढायचा नाही, हा त्यांचा नेम. अर्ध्या मापाला मोजलं तर रास बसते, बरकत जाते म्हणायचे.

तर असा माणूस त्या दिवशी दवाखान्यात हात पसरून उभा. डॉक्टरीणबाई नको म्हणाल्या. मग त्यांनी साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, पुन्हा धुतले, आणि परत येऊन तसेच उभे राहिले. शेवटी त्या बाईंनी पोरगी क्षणभर त्यांच्या तळव्यांवर ठेवली.

तात्यांनी हात खालीवर केले नाहीत. नुसते धरले. आकडा सांगितला नाही. पोरगी परत दिली आणि सरळ सुनंदाच्या खोलीत गेले. मी मागोमाग.

"पावणेदोन किलो हाय," तात्या तिला म्हणाले. "त्यांचा काटा खोटा हाय. स्प्रिंग ढिली पडलीय."

सुनंदानं डोळे उघडले. तिला सासऱ्याचा हात माहीत होता. मलाही होता. मला तर हायसंच वाटलं. आम्हाला डॉक्टरपेक्षा त्या हाताचा भरवसा जास्त.

तोवर सुनंदाला दूध उतरलं नव्हतं. ती भिंतीकडं तोंड करून पडली होती. माझी आई म्हणायची, बाळंतिणीचं मन उडालं की दूध उडतं. दुसऱ्या दिवशी तिनं आपणहून वाटी मागितली. चमचाभर दूध निघालं, तेवढं नर्सनं पोरीच्या ओठांवर थेंबाथेंबानं सोडलं.

मग हा रोजचाच कार्यक्रम झाला. सकाळी नर्स पोरीला वजनाच्या ताटलीत ठेवायची. ताटलीतून उचलून पेटीत ठेवायचं काम तात्यांनी मागून घेतलं होतं. बाजार सोडून रोज हात धुऊन हजर. मग आत जाऊन सुनंदाला आकडा सांगायचे. सतराशे साठ. सतराशे ऐंशी. बाकीचा वेळ मला छळायचे. माझा डबा हातात घेऊन, "भाकरी आज बारीक केल्या, ईनबाई." मी म्हणायचे, "तुमच्या तोंडाच्या मापानं केल्यात."

शेजारच्या खाटेवरची बाई त्यांना एकदा म्हणाली, "तात्या, पहिलीच नात ना? किती नातवंडं झाली म्हणायची मग?" तात्यांनी उत्तर दिलं नाही. कानानं बरे होते.

पाचव्या दिवशी माझी नजर पेटीला लावलेल्या कागदावर गेली. मी चौथी शिकलेली आहे, आकडे वाचता येतात. कागदावर चौदाशे होते, मग तेराशे साठ, मग तेराशे दहा. पोरगी वाढत नव्हती, उतरत होती.

माझ्या पिशवीत मिठाचा पुडा होता, बंद, एक किलोचा. मी नर्सला म्हटलं, "बाई, हा जरा तुमच्या ताटलीत ठेवा." तिला वाटलं, ही पण त्यातलीच. ठेवला. काटा एक किलोवर जाऊन थांबला. ना इकडं, ना तिकडं.

मागं वळले तर दारात गेनूतात्या.

मी त्यांना व्हरांड्यात नेलं आणि म्हटलं, "पावणं, काटा बरोबर आहे."

"ठावं हाय."

"मग सुनंदाला काय सांगताय रोज? उद्या काही झालं तर ती विचारील, दीड किलोची पोर गेली कशी?"

"दीड न्हाई. पावणेदोन सांगितलंय." इथंही त्यांना दुरुस्ती करायची होती. मग बाकावर बसले. हात मांडीवर उताणे ठेवले. "ईनबाई, माझं पयलं मूल पोरगी व्हती. अशीच, सातव्यात. घरीच झाली. सुईनीनं माझ्या हातात दिली. आतनं बायकोनं इचारलं, किती भरली? म्या खरं सांगितलं. सव्वा शेर, म्हनलं. न्हाई टिकायची, म्हनलं."

मी बाकावर त्यांच्या शेजारी टेकले.

"तिनं तोंड फिरावलं. छातीला लावलीच न्हाई पोर. जाणाऱ्या जिवाला कशाला माया, म्हनली. तीन दिस व्हती. लावली असती तर जगली असती का, ते कुनाला ठावं? पर म्या आकडा सांगायला नगं व्हता."

"हात खोटं बोलत नाही म्हणता ना तुम्ही?"

"हात न्हाईच बोलत," तात्या म्हणाले. "तोंड बोलतंय."

त्या दिवशी आत मीच गेले. सुनंदानं विचारलं, "आई, आज किती?" मी म्हटलं, "अठराशे. आणि उठून बस, वाटी आणलीय." मी जन्मात पोरांशी खोटं बोललेली नाही. मारलं असेल, खोटं नाही. पण ते इतकं सहज निघालं की माझं मलाच नवल वाटलं.

आता पंचाईत पुढची. पोरगी आठव्या दिवसापासून वाढायला लागली, पण काट्यावर तेराशे वीस आणि आमच्या तोंडी अठराशे. खोटं फार पुढं गेलं होतं. त्याला थांबवून खऱ्याची वाट बघायची होती. तात्या रोज नवं कारण काढायचे. आज वाढ न्हाई, हवा कोंदट हाय. आज वाढ न्हाई, पोरगी जागी व्हती, जाग्या जिवाचं वजन धरत न्हाईत. तीन आठवडे आम्ही त्या पोरीला अठराशेवर अडवून धरलं. जावई पुण्याहून रविवारी यायचा, त्यालाही तेच. डॉक्टरीणबाईंना तात्यांनी हात जोडून सांगून ठेवलं होतं, त्या कागद घेऊन आत जात नव्हत्या. सुनंदाला कळलं होतं का, ते मी कधी विचारलं नाही. ती भाकरी खायची, वाटी भरून द्यायची. नंतर पोर छातीशी घ्यायला लागली.

ज्या सकाळी ताटलीत अठराशे भरले, त्या सकाळी तात्यांनी पोरगी उचलली, एकदा खालीवर केली आणि नर्सला म्हणाले, "काटा चांगला हाय तुमचा."

आणखी आठ-दहा दिवसांनी सोडलं. पोरीला टोपडं घालून, सुनंदाच्या पदरात गुंडाळून आम्ही स्टँडवर आलो. महाळुंग्याची जीप भरत होती. ड्रायव्हर ओळखीचा. म्हणाला, "या तात्या. तीन शिटा ना?"

"थांब," तात्या म्हणाले. "मोजू दे."

त्यांनी टोपड्यावर हात ठेवला. ठेवूनच राहिले. मागच्या जीपवाल्यानं दोनदा हॉर्न दिला.

"लाभ," म्हणाले. मग सुनंदाच्या डोक्याला हात लावला, "दोन." माझ्याकडं बोट केलं, "तीन." आणि स्वतःच्या छातीवर, "चार. चार शिटा."

ड्रायव्हर हसला. "तान्ह्या पोराची शीट धरत नाहीत, तात्या."

"आमी धरतो," तात्या म्हणाले आणि पोरीच्या वाटची जागा मोकळी ठेवून बसले. महाळुंग्यापर्यंत त्या जागेवर त्यांनी कुणाला टेकू दिलं नाही. मी अर्धी बाहेर लोंबकळत आले.

याला बारा वर्षं झाली. गेल्या पौषात गेनूतात्या गेले. पोरगी सातवीला आहे. त्या जीपमधल्या आम्ही तिघी आहोत.