शून्य नंबरचा गाळा

"मॅडम, शून्य नंबरचा गाला भरला. उरलेल्या खुर्च्या कुठं टाकू?"

मुकादम दामू दारात उभा होता. अदितीनं संगणकावरून मान वर केली. राहनाळच्या त्या गोदामात एक ते बारा असे बारा गाळे होते. शून्य नंबरचा गाळा नव्हता.

"कुठला गाळा?"

"शून्य. तुमच्या चिठ्ठीवर हाय ना." त्यानं सकाळी छापलेली चिठ्ठी पुढे केली. 'प्लास्टिकच्या खुर्च्या, पांढऱ्या, नग २४०, गाळा ०.' आकडा अगदी ठळक होता. "पोरं इचारत हुती, शून्य कंचा. मी बोललो, एकाच्या आधी काय हाय? शेठचं घर. मंग तिथं नेल्या."

गोदामाचे मालक केसरीनाथशेठ यांचं घर गाळ्यांच्या रांगेच्या तोंडाशीच होतं, आणि आज त्या घरात त्यांच्या मुलीची, निशाची, हळद होती.

केसरीनाथशेठ कधी ओरडत नसत. ते फक्त 'बरं' म्हणत. आधीच्या कारकुनाच्या वहीत एकदा तीन खोकी कमी निघाली, तेव्हाही ते 'बरं' एवढंच म्हणाले होते. दुसऱ्या दिवसापासून तो कारकून आला नाही. त्याचा जेवणाचा डबा अजून ऑफिसच्या खिडकीत होता. अदितीला नोकरी लागून चार महिने झाले होते आणि या चार महिन्यांत त्या डब्याला हात लावायची कुणाची हिंमत झाली नव्हती.

वही नको, आलेला माल कुठल्या गाळ्यात लावायचा ते संगणकच सांगेल, असं तिनंच शेठना पटवलं होतं. त्यासाठी एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला द्यायच्या सूचना, लिहिली होती. ती खरोखर चालते का, कागद आणि माल जुळतो का, हे बघायला आज पाच वाजता, ज्यांचा माल इथे ठेवलेला असे त्या कंपनीचे साहेब येणार होते. जुळलं तर संगणक राहणार. नाही तर वही परत येणार आणि अदिती जाणार.

तिनं ती स्क्रिप्ट दुरुस्त करायचा एडिटर उघडला. हा एडिटर पेनड्राइव्हवर मावण्याइतका लहान होता, झटकन उघडायचा आणि प्रत्येक ओळीच्या डावीकडे तिचा क्रमांक दाखवायचा. चूक दोन मिनिटांत सापडली आणि ती तिचीच होती. काल संध्याकाळी नीटनेटकेपणाच्या हौसेनं तिनं यादीच्या डोक्यावरचं 'गाळ्यांची यादी' हे शीर्षक काढून टाकलं होतं. स्क्रिप्ट शून्यापासून मोजायची. इतके दिवस शून्यावर शीर्षक बसलेलं असायचं आणि एकवर पहिला गाळा. शीर्षक गेलं तसा पहिला गाळा शून्यावर सरकला.

तिनं सत्तेचाळीसाव्या ओळीत 'गाळ्याच्या आकड्यात एक मिळव' अशी सूचना घातली. मग वाटलं, त्यापेक्षा शीर्षकच परत ठेवलेलं बरं. तेही ठेवलं. घाबरलेला माणूस कुलूप दोनदा ओढून बघतो, तसं तिनं फाईल दोनदा सेव्ह केली आणि घराकडे पळाली. सत्तेचाळीसावी ओळ तशीच राहिली.

मांडवात खुर्च्या रांगेत मांडून झाल्या होत्या आणि त्यांवर बायका बसल्या होत्या. कोपरापर्यंत हळदीनं माखलेल्या बायका. मधोमध शेठच्या आई, गोदूबाई.

"आजी, या खुर्च्या आपल्या नाहीत. कंपनीच्या आहेत."

"मंग कंपनीला बी बोलाव हलदीला."

"आजी, खरंच सांगते..."

"गो पोरी, मांडववाला सकालधरनं कशेलीच्या पुलावर अरकलाय. त्याच्या खुर्च्या न्हाय आल्या, तुझ्या आल्या. आता बायांना उठवू काय मी?"

अदितीला कुणालाच उठवणं जमण्यासारखं नव्हतं. ओट्यावर वीस खुर्च्या रिकाम्या होत्या, निदान तेवढ्या वाचवाव्यात म्हणून तिनं त्या मागच्या अंगणात काढल्या. त्यांतल्या तीन खुर्च्यांवर पिवळे पंजे उठले होते. ती पाणी आणायला वळली, तेवढ्यात दामूनं कपड्याच्या साबणाची वडी घेतली.

"साबण नको!"

उशीर झाला होता. हळदीला साबण लागला की ती लाल होते. बी.एस्सी.ला तिनं हाच प्रयोग केला होता आणि दहापैकी नऊ गुण मिळवले होते. आता पांढऱ्याशुभ्र खुर्चीच्या पाठीवर पाच बोटांचा लालभडक पंजा होता.

दामू दोन पावलं मागे सरकला. "मॅडम, ही तं पोलीस केस दिसतेय."

"उन्हात ठेवा. हळद उन्हात उडते."

"कवा उडंल?"

हे त्या प्रयोगात नव्हतं. मे महिन्याचं ऊन होतं, एवढाच आधार. साधारण तीन वाजता बाहेर ट्रकचा हॉर्न वाजला. दामू ऑफिसातून नवी चिठ्ठी छापून घेऊन माल उतरवायला गेला. अदिती ऊन सरकेल तशी खुर्ची सरकवत बसली. चार वाजता पंजे फिकट झाले. तेवढ्यात दामू हसतमुखानं परत आला.

"टॉवेलची साठ खोकी तेरात लावली, मॅडम. चिंधूशेठनी सोता शटर उघडून दिलं."

अदितीनं खुर्चीचा हात घट्ट धरला. टॉवेल बारात जायचे होते. शीर्षकही परत आलं होतं आणि वर एक मिळवलाही जात होता. बारा अधिक एक.

तेरा नंबरचा गाळा होता. फक्त तो केसरीनाथशेठचा नव्हता. वाटणीत पहिले बारा गाळे त्यांना मिळाले, पुढचे बारा धाकट्या चिंधूला. आकडे आधीच रंगवलेले होते, ते तसेच राहिले आणि बारा-तेरामध्ये काटेरी तार आली. तारेच्या नेमकी कुठल्या बाजूला बोअरवेल, यावरून दोघा भावांचं सहा वर्षं बोलणं बंद होतं. निशाच्या हळदीचं आवतण त्या घरी गेलं नव्हतं.

"चिंधूशेठ काय म्हणाले?"

"पयलं चिठ्ठी दोनदा वाचली. मंग इचारलं, कोनी धारलं? मी बोललो, शेठनी."

"असं का सांगितलंस, दामू?"

"चिठ्ठी शेठच्याच गोदामाची ना? मंग त्यांनी एक खोकं फोरलं, टॉवेल खांद्यावर टाकला आन् बायकोला हाक मारली. डोल्यांत पानी हुतं."

हळदीच्या दिवशी भावाच्या घरून टॉवेल. हा मान होता, मानानं दिलेलं आवतण, आणि तो एका माणसापुरता नव्हता, साठ खोकी होता. तो चुकून गेला असं आता कोण सांगणार, आणि कुणाला?

पाचला दहा कमी असताना केसरीनाथशेठची गाडी आली. शेजारी कंपनीचे साहेब होते. ते उतरून मांडवात येतात तोच दुसऱ्या बाजूनं चिंधूशेठ आले. खांद्यावर कोरा टॉवेल, मागे बायको पार्वती आणि मुलगा भाविक. मांडवातलं गाणं थांबलं. गोदूबाईंचा हळदीचा हात वाटीतच राहिला.

अदिती पुढे झाली. चूक कुणाच्या नावावर आहे हे लपवणं तिला जमत नसे. ती हळू आवाजात म्हणाली, "शेठ, माझी चूक झाली. यादीचं शीर्षक काढलं, मग सत्तेचाळीसाव्या ओळीत एक जास्त मिळवला गेला. खुर्च्या इथे आल्या आणि टॉवेल तेरात गेले."

केसरीनाथशेठनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग भावाच्या खांद्याकडे.

"बरं," ते म्हणाले.

अदितीला खिडकीतला डबा आठवला. उद्यापासून तिथे दोन डबे असतील.

साहेब खुर्चीवर बसून कागद बघत होते. "खुर्च्या दोनशे चाळीस, गाळा शून्य. हा शून्य कुठे आला?"

"तुम्ही बसलाव तोच," शेठ म्हणाले.

साहेब अर्धवट उठले, खुर्चीखाली पाहिलं आणि पुन्हा बसले. त्यांनी बायकांच्या रांगा मोजल्या. मागे उन्हात ठेवलेल्या वीस मोजल्या. दोनशे चाळीस भरल्या. "आणि टॉवेल साठ खोकी, गाळा तेरा. पण तुमचे बाराच आहेत ना?"

चिंधूशेठचा हात टॉवेलकडे गेला. तो काढून ठेवावा की राहू द्यावा, हे त्यांना ठरवता येईना. केसरीनाथशेठनी तारेकडे पाहिलं.

"तेरा नंबर माझ्या भावाचा हाय," ते म्हणाले. "म्हंजे आमचाच."

गोदूबाई उठल्या. त्यांनी धाकट्याच्या गालाला हळद फासली, मग थोरल्याच्या, आणि हात उरलाच होता म्हणून साहेबांच्याही. साहेब तेरा नंबरला जाऊन खोकी मोजून आले, फोडलेल्या खोक्यापुढे 'शेठनी विकत घेतले' असं लिहिलं आणि पिवळ्या अंगठ्याच्या ठशाशेजारी सही केली. कागद आणि माल जुळत होता. खरं तर इतका तंतोतंत कधीच जुळला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी अदिती एडिटर उघडून बसली असताना शेठ दारात आले. हळद अजून कानामागे होती.

"ती सत्तेचालीस नंबरची वल सापरली काय?"

"हो शेठ. आत्ता काढून टाकते."

"बरं."

अदितीची बोटं थांबली. शेठ खिडकीजवळ गेले आणि त्यांनी डबा उचलला. "ह्यो अजून हितंच? त्या कारकुनाला हितला जिना चढवत नव्हता, म्हनून मानकोलीच्या गोदामात धारला. रोज फोनवर डबा मागतो माजेकरं." डबा काखेत मारून ते जायला निघाले आणि उंबऱ्यात थबकले. "ती वल काढली का परत घालता येते?"

"काढायलाच पाहिजे असं नाही. आधी एक खूण केली की संगणक ती वाचत नाही. ओळ तिथेच राहते."

"मंग तसंच कर." ते बाहेर बघत होते. "तोंडानं बोलवायला मला न्हाय जमत."

ते गेल्यावर अदितीनं सत्तेचाळीसाव्या ओळीच्या आधी खूण केली आणि पुढे, सवयीप्रमाणे, कारण लिहिलं: 'गणपतीत लागेल. काढू नये.'