शांतारामभाऊंचा चौथा भोंगा

भोंगा वाजला तेव्हा मी लोणच्याची बरणी उचलली आणि पाखाडी चढत सुटलो.

आमची वाडी खाडीकाठी, पाठीशी जांभ्याचा उंच, सपाट सडा. पाणी चढलं तर सड्यावर जायचं, हे लहानपणापासून डोक्यात बसलेलं. त्यात मोबाइलवर नुकताच वादळाचा इशारा वाचला होता. आणि हा आवाज म्हणजे म्हशीने विहिरीत पडून तिथून तक्रार करावी तसा. हाताला लागलं ते घेतलं. पायऱ्या चढून वर पोचलो तर सड्यावर मी, बरणी आणि कुणाची तरी बकरी. वाडी खाली निवांत होती. आमच्या परसात बायको कपडे वाळत घालत होती. तिला बघितल्यावर मला आठवलं, की आपल्याला बायको आहे.

"आज चाचणी आहे, असं भाऊंनी सकाळी नळावर सगळ्यांना सांगितलं होतं," मी खाली आल्यावर ती म्हणाली. बरणीचं झाकण तिने घट्ट लावलं आणि बरणी फळीवर ठेवली. त्या झाकण लावण्यात बरंच काही होतं.

चाचणी घेणारे भाऊ म्हणजे आमचे शेजारी शांताराम सकपाळ. मुंबईला गोदीत फिटर होते. निवृत्त होऊन माणसं गावी फ्रीज आणतात, कपाट आणतात. भाऊंनी टेम्पो भरून पत्रे, मोटारी आणि बेअरिंगं आणली. सुनंदावहिनी ड्रायव्हरशेजारी बसून आल्या, मांडीवर स्वयंपाकाची भांडी घेऊन. वहिनी मला फार आवडतात. वाडीत माझ्या विनोदांना मनापासून हसणारं ते एकच माणूस.

दोन वर्षांपूर्वीच्या वादळात भाऊंच्या गोठ्यावर माड पडला. गाय वाचली, कौलं गेली. कौलं शाकारून झाली आणि भाऊंनी जाहीर केलं, "वाडीला भोंगा पायजे."

पहिला भोंगा मिक्सरच्या मोटारीवर चालायचा. पडवीत बसवून त्यांनी मला तो समजावला. "हा भोकांचा डबा. आत हे चाक. चाक फिरला की वारा भोकातून तुटत तुटत भायेर पडतो. तुटका वारा म्हणजे आवाज. कळला काय?"

मी मान हलवली. ऑफिसात साहेबांसमोर हलवतो तीच.

भाऊंनी बटण दाबलं. त्यातून अशी किंचाळी निघाली की वाडीतले कुत्रे एका सुरात रडायला लागले. मी कान धरून खाली बसलो. भाऊ मात्र वळून स्वतःच्या घराकडे बघत होते.

"नाय," ते म्हणाले. "वाजला. पण पोचला नाय."

"अहो, दाभोळपर्यंत पोचला असेल."

"दाभोळला काय करायचाय? वाजवना सोपा ओ. आवाज पोचला पायजे."

हे त्यांचं कायमचं वाक्य. सरपंचबाईंचं भाषण झालं, नातीने फोनवर कविता म्हटली, मच्छीवाली ओरडून गेली, की भाऊंचा शेरा ठरलेला, "चांगला हाय. पण पोचला पायजे."

दुसऱ्या भोंग्याला पिठाच्या गिरणीची जुनी मोटार होती. तो आमच्या बायकोने एका वाक्यात मोडीत काढला. ती म्हणाली, "भाऊ, वादळात लाइट कुठे असते?" भाऊ भोंगा उचलून आत घेऊन गेले. तिसरा आला तो हाताने फिरवायचा. उसाच्या रसाच्या यंत्राचं चाक, त्याला दांडा. मला सड्यावर पाठवणारा तो हाच.

एवढ्यावर खरं तर थांबायला हरकत नव्हती. पण भाऊंचं काहीतरी भलतंच चाललं होतं. प्रत्येक मॉडेलचा डबा आधीपेक्षा मोठा, भोकं आधीपेक्षा कमी आणि आवाज आधीपेक्षा खालच्या पट्टीत. जगात माणसं आवाज चढवतात, हे उतरवत होते. शिवाय दुपारी एसटीच्या थांब्यावर जाऊन बसायचे. गाडी चढाव चढून यायची, कंडक्टर दार उघडायचा, भाऊ हात हलवून सांगायचे, "जा तुमी." गाडीत चढायचं नाही. डोळे मिटून गाडीचा आवाज ऐकायचे आणि इंजिनासारखं घशातल्या घशात घुमत परत यायचे. कंडक्टरने त्यांना एकदा हात जोडले.

"भाऊ, तिसऱ्या भोंग्याने मला सड्यावर नेलं," मी म्हटलं. "आणखी काय पाहिजे?"

"तुमी पळालाव ओ," भाऊ म्हणाले. पुढे बोलणार होते, पण घराकडे बघून थांबले आणि चाकाला तेल घालायला लागले.

मग ग्रामसभेत तक्रारी आल्या. कुणाची म्हैस दूध चोरते, कुणाचं बाळ दचकतं. सरपंचबाईंनी निकाल दिला, "भाऊ, रोज रोज चाचण्या बस झाल्या. रविवारी सकाळी शेवटची. वाडीला पसंत पडला तर पाण्याच्या टाकीवर बसवू. नायतर सगळा भंगारात."

रविवारी चौथा भोंगा टाकीवर चढवला. डबा पिंपाएवढा, भोकं मोजकीच. टाकी उंचावर, तिथून सगळी वाडी दिसते. मी भाऊंच्या शेजारी उभा राहिलो, लोणच्याशिवाय. भाऊंचा चेहरा उतरलेला होता. त्यांनी दांडा धरला आणि फिरवायला लागले.

आधी काहीच नाही. मग पोटात कुठेतरी घुमायला लागलं. घाटात एसटी अडकून जोर करते ना, तसा जाड, खालचा आवाज, हळूहळू रुंद होत गेला. टाकीचा कठडा थरथरला. वाडीच्या टोकावरून कुणीतरी छत्री उघडून ऐकू आल्याची खूण केली. जेट्टीवरून दुसरी छत्री उघडली.

"पास!" खालून सरपंचबाई ओरडल्या. "भाऊ, थांबा आता."

भाऊ थांबले नाहीत. घामाने निथळत होते, दांडा फिरवत होते आणि आपल्या घराच्या परसात बघत होते. मीही बघितलं. वहिनी आमच्याकडे पाठ करून नारळ खवत बसल्या होत्या. सगळी वाडी टाकीकडे बघत होती आणि त्या खवत होत्या.

"अहो, पास झालात," मी म्हटलं.

"नाय," भाऊ म्हणाले. आणि आणखी जोर लावला.

वहिनींचा हात थांबला. त्यांनी जमिनीवर तळवा टेकला. मग मान वर केली आणि सावकाश मागे वळल्या, सरळ टाकीकडे. घटकाभर बघत राहिल्या. नंतर हात हलवून त्यांनी खूण केली, पुरे आता.

भाऊंनी दांडा सोडला आणि तिथेच खाली बसले.

"त्या वादळात ती गोठ्यात व्हती," ते म्हणाले. "माड वाकलेला मला पडवीतून दिसत व्हता. हाका मारल्या ओ, नरडा फाटला. ती आपली गायला गवत घालतेय. माड पडला तो तिच्या बाजूला. हातभर अंतरावर. बारीक, वरच्या पट्टीतला आवाज तिला येतच नाय आता. कानात मशीन घालत नाय, शिट्ट्या वाजतात म्हणते. पण एसटी चढावावर आली की तिला बरोबर कळता."

माझे विनोद कुठे पोचत होते, तेही मला त्याच वेळी कळलं.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. वहिनींच्या कानांचं तिला आधीपासून माहीत होतं. बायकांना असतं. ती ऐकत ऐकत फळीवरची बरणी पुसत राहिली.

मग म्हणाली, "पुढच्या वेळी भोंगा वाजला, की लोणचं मी घेईन. तुम्ही मला नुसती हाक मारा."