शेषराव पेंटरांची चौकट

माझ्या सेवा केंद्रातल्या दोन नंबरच्या कॉम्प्युटरसमोर शेषराव पेंटर रोज एक डोळा मिटून बसतात. अंगठा पडद्यासमोर उभा धरतात, मान वाकडी करतात आणि पडद्यावरचा एक चौकोन काळा करतात. मग पाच मिनिटं काहीच नाही. मग तोच चौकोन पुन्हा पांढरा.

भोकरदनच्या बस स्टँडजवळ मी हे केंद्र चालवते. पीक विमा, सातबारा, दाखले. दिवसभर लोकांना इतक्यांदा ‘अंगठा पुन्हा ठेवा’ म्हणते, की घरी पोळ्या लाटतानाही तेच तोंडात येतं. त्यात हे शेषराव. सत्तरीला टेकलेले. एके काळी तालुक्यातल्या निम्म्या दुकानांवर त्यांच्या हातच्या पाट्या होत्या. फ्लेक्स आले आणि त्यांचे ब्रश डब्यातच वाळले.

चूक माझीच. एका दुपारी सर्व्हर बंद होता, म्हणून मी त्यांना एक फुकटची वेबसाइट दाखवली. चौकोनांची जाळी असते, हवे ते भरायचे, अक्षर तयार होतं. सगळी अक्षरं झाली की आपला स्वतःचा फॉन्ट उतरवून घ्यायचा. म्हटलं, अर्धा तास रमतील. शेषराव जाळीकडे बघतच राहिले.

“ताई, हे तर आमचंच काम. भिंतीवर आम्ही दोरीनं अशाच चौकटी पाडायचो. चौकट बराबर, तर सगळं बराबर.”

त्याला पाच महिने झाले.

एकट्या ‘क’ला आठवडा लागला. ‘ग’ उपाशी दिसतो म्हणून त्याला दोन चौकोन खाऊ घातले, मग तो सुटला म्हणून काढून घेतले. रांगेतले लोकही त्यात पडायला लागले. वालसावंगीचे एक गृहस्थ आपला नंबर सोडून ‘भ’च्या पोटाबद्दल सल्ला देत उभे राहिले. शेषराव उजवं मनगट डाव्या हातानं धरून माऊस चालवायचे. मला ती जुन्या कलावंताची ढब वाटायची.

एकदा लाइट गेली आणि अकरा अक्षरं गेली. ‘सेव्ह करा, सेव्ह करा’ म्हणून मी घसा कोरडा केला होता. आता तरी सुटका, असं मनात आलंच. शेषरावांनी उपरण्यानं पडदा पुसला, लाइट येईपर्यंत अंधाऱ्या पडद्यासमोर बसून राहिले आणि पुन्हा ‘क’पासून सुरू झाले. मलाच रडू यायचं बाकी राहिलं.

त्या वेबसाइटवर जोडाक्षरं काही केल्या जुळत नव्हती. मी म्हटलं, काका, आता सोडा. तर म्हणाले, घरच्या बोलण्यात जोडाक्षराचं काम पडत न्हाई. मी तेव्हा लक्ष दिलं नाही.

मग विम्याचे शेवटचे दिवस आले. दारापर्यंत रांग, आणि शेषराव ‘ळ’ची शेपटी सरळ करत बसलेले. माझा तोल गेला. जरा जोरातच विचारलं, की उठा आता, ह्या फॉन्टचं तुम्हाला करायचंय तरी काय?

त्यांनी मनगट सोडलं. हात माऊसवर थरथरायला लागला आणि पडद्यावरचा बाण सगळ्या जाळीवरून सैरभैर पळाला.

मग त्यांनी सांगितलं, हळू आवाजात, रांगेला ऐकू जाणार नाही असं. त्यांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, दोन वर्षांपासून ऐकू येत नाही. त्या कधी शाळेत गेल्या नाहीत. लग्नानंतर रंगाचा डबा धरून ह्यांच्यामागं फिरल्या आणि ह्यांच्या पाट्यांवरूनच वाचायला शिकल्या. छापील अक्षर त्यांच्या नजरेत बसत नाही, लेकीनं लिहिलेलंही नाही. ह्यांचं तेवढं वाचतात. कान गेल्यावर शेषराव शाळेच्या पाटीवर लिहायचे आणि काकू तोंडानं उत्तर द्यायच्या. मग हात हलायला लागला. ते काकूंना कळू नये म्हणून हात खिशात राहिला आणि लिहिणं बंद झालं.

“हातच गेला म्हणल्यावर पेंटरचं काय राह्यलं, ताई? तिला वाटून राह्यलं, मी रुसलो. इथं कसं, चुकला चौकोन तर पुसता येतो. हात हलला तरी अक्षर हलत न्हाई.”

मला माझीच लाज वाटली. रांगेला दहा मिनिटं थांबवलं. ‘ळ’ आहे तसा ठेवून फॉन्ट उतरवून घेतला. ते सांगत गेले, मी टाइप करत गेले. ‘मी रुसलो नाही. पाय दुखतो का. लेकीचा फोन आला होता. परवाची भाजी चांगली झाली होती.’ कागद बाहेर आला आणि मी चमकले. त्या चौकोनी अक्षरांना, का कोण जाणे, लहानपणी पाहिलेल्या किराणा दुकानाच्या पाटीचं वळण होतं. शेषरावांनी कागद घडी न घालता, दोन्ही हातांनी आडवा धरून नेला.

दुसऱ्या दिवशी मी दोन नंबरवर ‘मशीन बंद आहे’ असा कागद चिकटवून ठेवला, रांगेतल्या कुणी तिथं बसू नये म्हणून. दहाच्या सुमारास शेषराव आले. एक डोळा मिटून तो कागद वाचला आणि ह्या अक्षराला कणाच न्हाई म्हणाले. मग खुर्ची ओढून ‘ळ’ उघडला.

मी विचारलं, काकू काय म्हणाल्या?

त्यांनी आधी उपरण्यानं पडदा पुसला.

“दोनदा वाचला. मंग म्हणली, लई दिवसानं बोललात.”